जाते म्हणू नये

१

सकाळी सात वीसला वल्लरीची शाळेची बस खाली येते. साडेसहाला दूध, पावणेसातला वेणी, सातला बुटाच्या नाडीवरून भांडण आणि सव्वासातला दार. हे माझं खातं. मुलगा दर्शन आणि सून तन्वी यांचं ऑफिस नंतरचं, त्यांचं ते बघतात. आम्ही इथे परदेशात, बुकित तिमाहला, नवव्या मजल्यावर राहतो. दारातून लिफ्ट दिसते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून खालचा बसचा थांबा. म्हणजे नात दारातून निघाली की पळत खिडकीशी जायचं, ती बसमध्ये चढेस्तोवर बघायचं, मग माझा चहा.

वल्लरी नऊ वर्षांची. डोक्यात इथलं लाह लावलेलं इंग्रजी, तोंडात माझ्यासाठी ओढून आणलेलं मराठी. त्यामुळे रोज दारात एकच.

"जाते, आजी."

मी मागून दप्तर धरायची. "काय म्हणालीस?"

"अय्यो आजी. जाते. गोइंग."

"जाते म्हणू नये. येते म्हणावं."

"बट आय अ‍ॅम गोइंग, व्हॉट. कमिंग इज लेटर."

"म्हणून तर म्हणायचं."

"ओके लाह. येते, येते, येते. थ्री टाइम्स. हॅपी?"

मग मी दप्तर सोडायची.

तन्वीला वाटायचं म्हातारीचं खूळ. असेल. पण आमचे हे अडतीस वर्षं बोटीवर होते, इंजिनाशी, ऑइलमन. प्रत्येक वेळी पिशवी खांद्यावर टाकून उंबऱ्यात वळायचे आणि म्हणायचे, "येतो." कधी नऊ महिन्यांनी आले, कधी चौदा, पण आले. शेवटी मुंबईच्या हॉस्पिटलात, नाकात नळी असताना, माझ्याकडे बघून म्हणाले, "जातो गं." मी म्हटलं, "येतो म्हणा." त्यांनी मान हलवली. नाही, अशी.

या शब्दाबद्दल मला ठाऊक आहे ते एवढंच.

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं इथे येऊन शिकले. शनिवारी वल्लरीला स्मिताबाईंच्या मराठी वर्गाला सोडायचे आणि घरी परत कशाला जा, म्हणून मागच्या बाकावर बसायचे. तिच्याबरोबर मीही क, ख, ग गिरवला. वेलांट्या माझ्या चुकतातच. त्या सुधारायला हल्ली कुणीतरी असतं. ते पुढे येईल.

२

जूनच्या सुट्टीत दर्शननं आम्हाला तालिनला नेलं. बाल्टिक म्हणून समुद्र आहे, त्यावरचं जुनं बंदर. दर्शन बोटीवर ज्युनिअर इंजिनीयर असताना त्याची बोट तिथं दुरुस्तीला अकरा दिवस थांबली होती. तेव्हापासून "आई, तुला एकदा दाखवणार" चाललेलं.

मी म्हटलं, "तालीम? या गुडघ्यांनी?"

"तालिन गं, तालिन. आणि गाइड घेतलीय, हळूहळू चालवते."

गाइड मार्या. तिथलीच जन्मलेली, तिशीतली, गालावर तीळ, हातात मिटलेली लाल छत्री. छत्री उंच धरायची आणि आम्ही चौघं तिच्यामागे. गावाला दगडी तट, तटावर लाल टोप्या घातल्यासारखे बुरूज. व्यापाऱ्यांची उंच अरुंद घरं, माथ्याशी एकेक तुळई बाहेर आलेली. तिला दोर बांधून धान्याची पोती वर ओढायचे म्हणे. रस्ते सगळे गोट्यांचे. दर्शन मराठीत सांगायचा, मी मान डोलवायची. रात्रीचे दहा वाजले तरी ऊन. कावळ्यांनासुद्धा कळेना झोपावं की नाही.

दुसरी बाई मला पहिल्याच दिवशी दिसली. सगळ्यांत मागे चालायची. राखाडी कोट, केस बांधलेले, माझ्याहून थोडी लहान असेल. कुठल्याही घरात शिरताना शेवटची शिरायची आणि आपल्यामागे दार ओढून घ्यायची. बाहेर पडतानाही तसंच. मला वाटलं मार्याच्या हाताखालची. कुणी मागे राहू नये म्हणून ठेवली असेल. दर्शनलाही तसंच वाटलं. मार्या तिच्याशी बोलत नव्हती, तिला काही खायला देत नव्हती, बदामाची मिठाई आम्हा चौघांनाच चाखवली. मला राग आला. कामाची बाई झाली म्हणून काय झालं?

माझ्या पर्समध्ये खोबऱ्याच्या वड्या होत्या. एक तिला दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली. किती दिवसांनी काही हातात पडलं, अशी बघत राहिली.

वल्लरीची तिच्याशी गट्टी जमली. खोबऱ्याचा पोरीला तिटकारा, म्हणून आपल्या वाटणीचीही वडी त्या बाईलाच. मग दोघी मागे मागे. वल्लरी बोट दाखवून शब्द सांगायची, ती हळू म्हणायची. दार. पाणी. आजी. मी मनात म्हटलं, आमची पोर परक्या बाईला मराठी शिकवते, आणि घरात माझ्याशी मेली इंग्रजी बोलते.

३

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटचं घर बघितलं. व्यापाऱ्याचं. दार ओकाचं, माझ्या दोन हातांएवढं रुंद, आणि उंबरा एवढा उंच की दर्शननं मला धरून बाहेर काढलं. मार्या पुढे निघाली होती. तन्वी फोटो बघत होती. मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकले, वल्लरी माझ्याशेजारी.

ती बाई आतच होती. उंबऱ्याच्या आत, एका हातानं दार धरून. मला वाटलं तिचं काम इथं संपलं, ती आता इथेच थांबणार. तिनं वल्लरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि शिकवल्यासारखं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाली,

"जा-ते."

आता काय सांगू. चाळीस वर्षं जीभ वळलेली. नवऱ्याला म्हटलं, मुलाला म्हटलं, नातीला रोज म्हणते. विचार करायला थांबलेच नाही.

"अगं बाई, जाते म्हणू नये," मी म्हटलं. "येते म्हणावं."

वल्लरी हसली. "सी? एव्हरीवन आल्सो किना स्कोल्ड."

बाईनं मान थोडी तिरकी केली. तोंड हलवून बघितलं. मग म्हणाली, "येते."

"हां. शाबास."

"येते," ती परत म्हणाली. आणि दार ओढून घेतलं.

पुढे मी किती वेळा स्वतःला सांगितलं की ती बिचारी एक शब्द म्हणाली, एवढंच. पण तिचा पहिला शब्दच बरोबर होता. ती जात होती. मी तिला थांबवून दुरुस्त केलं.

४

घरी आल्यावर आठवड्यानं मार्यानं फोटो पाठवले. बाहेर ऊन तापलेलं, वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिलिंग चाललेलं, आणि आम्ही सोफ्यावर चौघं एका फोनवर डोकी घालून.

"बघ काय लिहिलंय," तन्वी म्हणाली. "'तुम्हा पाचजणांबरोबर फार मजा आली.' आपण पाच कुठून?"

"स्वतःला धरलं असेल," दर्शन म्हणाला.

मी विचारलं, "आणि तिच्या हाताखालची ती? राखाडी कोटवाली?"

"कोण?" तन्वीला आठवेना. दर्शनला कोट आठवत होता, बाई नाही.

मी म्हटलं, फोटोत बघा. एकतीस फोटो. एकातही ती नव्हती. पण आम्ही चौघं जिथं जिथं ओळीनं उभे होतो तिथं माझ्या आणि वल्लरीच्या मध्ये जागा होती. एका माणसाची. प्रत्येक फोटोत. आणि वल्लरीचा डावा हात थोडा वर, बोटं मिटलेली, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी.

माझ्या हट्टापायी दर्शननं मार्याला विचारलं. तासाभरात उत्तर आलं. त्यानं वाचलं आणि मग मराठीत सांगताना जरा चाचरला. "म्हणतेय, ती एकटीच काम करते. त्या बाई तुमच्याच घरच्या ना, मला वाटलं आजींची बहीण."

तन्वीनं फोटो परत पहिल्यापासून बघायला घेतले.

"फुकटी असणार," दर्शन म्हणाला. "असतात अशी माणसं. गाइड असलेल्या घोळक्याला चिकटायचं. आपल्याला वाटलं तिची, तिला वाटलं आपली."

पटण्यासारखं होतं. मीही पटवून घेतलं. एकच गोष्ट खुपत राहिली. मी माणसं विसरत नाही. आमच्या गावच्या धक्क्यावर एकोणीसशे एकाहत्तर साली कोण कुठलं लुगडं नेसून उभी होती, ते सांगते. मार्याच्या गालावरचा तीळ सांगते. त्या बाईचा कोट सांगते, हात सांगते. तिचा चेहरा आठवायला गेले की मला ते ओकाचं दार आठवतं.

५

जुलैत एका रविवारी आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो. वल्लरीला तिथं सायकल चालवायची असते. धक्क्यावरून लाकडी बोट जाते, बारा माणसं भरल्याशिवाय बोटवाला सोडत नाही. आम्ही चौघं, एक चिनी कुटुंब पाचजणांचं आणि दोन मुलगे सायकली घेऊन. मी मनात मोजलं. अकरा. म्हटलं, बसा आता बाराव्याची वाट बघत.

बोटवाला म्हातारा. त्यानं एकेकाकडे हात करत मोजलं. "ट्वेल्व्ह. ओके, गो." आणि दोर सोडला.

"दर्शन, अकराच आहेत रे."

"आई, सुटली ना बोट? मग कशाला त्याच्या धंद्यात?"

मी परत मोजलं. अकरा. समोरच्या बाकावर ते चिनी लोक एकमेकांना चिकटून बसले होते, मांडीवर पिशव्या घेऊन. आमच्या बाकावर वल्लरीच्या पलीकडे जागा रिकामी होती, आणि तिथं कुणी सरकत नव्हतं. वल्लरीला झोप लागली होती. तिचं डोकं त्या रिकाम्या बाजूला कललेलं. बोट दोनदा जोरात हेलकावली, मी बाकाचा दांडा घट्ट धरला. तिचं डोकं हललं नाही. कुणीतरी खांदा दिल्याशिवाय असं कललेलं डोकं टिकत नाही.

मी तिला ओढून माझ्याकडे घेतलं. गाल गार होता.

"व्हाय यू पुल?" ती डोळे न उघडता म्हणाली. "शी जस्ट केम."

६

त्याच आठवड्यात, बुधवारी, अकराच्या सुमाराला इंटरकॉम वाजला. खालचा गार्ड सेल्वम. तमिळ माणूस, माझ्याशी मोडकं हिंदी बोलतो.

"आंटी, गेस्ट आया."

"कौन?"

"लेडी. नेम लिखने को पूछा. बोला, येते."

माझ्या हातातून पळी पडली.

"आंटी? मिस येते. ऐसा ही लिखा मैं. इतना गरमी में कोट पहना."

"मत भेजो, सेल्वम. हमारा कोई नहीं है."

"गया, आंटी. लिफ्ट में गया."

मी दाराला आतून कडी लावली, स्टूल आणून दाराशी बसले. लिफ्ट वर आल्याची घंटा वाजली. दार उघडल्याचा आवाज, मग मिटल्याचा. पाऊल नाही. मी श्वास धरून बसले. बेल वाजली नाही. अर्ध्या तासानं भोकातून बघितलं. समोर लिफ्टचं मिटलेलं दार, शेजाऱ्यांची कुंडी, बाकी काही नाही. मी स्वतःला म्हटलं, गार्डला ऐकण्यात चूक झाली. येते म्हणजे येते कोण, कुणीतरी पार्सलवाली असेल. तरी उठले नाही. कुकरमधला भात तसाच निवला.

अडीचला वल्लरी आली. तिच्याकडे तिची किल्ली असते. मी कडी काढली, तिनं बाहेरून कुलूप उघडलं. आणि आत न येता दार धरून बाजूला उभी राहिली. पाठ भिंतीला, मान खाली, दोन पावलांएवढा वेळ. मग आत आली.

"कुणाला वाट दिलीस?"

ती माझ्याकडे आश्चर्यानं बघायला लागली. "यू ऑल्वेज से, मोठ्यांना आधी. नाउ आय डू, यू स्कोल्ड."

तिच्यामागे दार आपलं आपण, हळूच, ओढून घेतल्यासारखं लागलं.

७

त्यानंतर घरात काय होतं ते मी कुणाला दाखवू शकले नाही. दाखवण्याजोगं काही नव्हतंच. दुपारी वल्लरीच्या खोलीतून दोन आवाज यायचे. दोन्ही तिचेच. एक विचारायचा, एक सांगायचा. सुरुवातीला सांगणारा आमच्या पोरीचा होता, अडखळत, मध्ये मध्ये लाह लावत. मी दारावर टकटक केली की शांतता. आत ती एकटी, पलंगाच्या एका कडेला अंग चोरून.

पंधरा दिवसांत उलटलं. आता विचारणारा आवाज अडखळायचा. सांगणारा सरळ बोलायचा.

मी दर्शनला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला, नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "आई, तुला इथं करमत नाही का? थोडे दिवस गावी जाऊन येतेस?"

तन्वी म्हणाली, "आई, या वयात मुलं मनातल्या मनात मैत्रीण करतात. मी पण करायचे."

"तुझी मैत्रीण गार्डकडे नाव लिहायची का?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. तो बघण्याचा प्रकार मला ठाऊक आहे. आमच्या सासूबाईंना आम्ही तसंच बघायचो.

मग मी एकच ठरवलं. बाकी आपल्या हातात नाही, पण ही पोर 'येते' म्हटल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जाणार नाही. रोज दप्तर धरायचे. रोज म्हणवून घ्यायचे. ऑगस्टात ती कुरकुर करायचीही थांबली. "येते," म्हणायची, आणि माझ्याकडे अशी बघायची की पुढे काही बोलायचं आहे. एकदा माझ्या पदराला धरून म्हणाली, "आजी, शी सेज हर हाउस आल्सो नीड समवन टु क्लोज द डोअर."

"तिला सांग, आमच्या घरातलं कुणी मिळणार नाही."

"आय टोल्ड. शी सेज, ऑलरेडी आस्क्ड आजी. आजी सेड, येते म्हणावं."

८

तो मंगळवार होता. पाऊस पडत होता म्हणून वल्लरीनं तालिनला घेतलेला पिवळा रेनकोट घातला होता. वेणी झाली, नाडी झाली. सव्वासात. मी तिच्यामागे दाराकडे निघाले आणि स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा आवाज आला. गॅस मी बंद केला होता. हे मी कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगेन. पण आवाज आला, वास आला, आणि बाईमाणसाचे पाय आपोआप वळतात.

शेगडी थंड होती. पातेल्यात दूध स्वस्थ.

दारातून वल्लरीचा आवाज आला. बारीक.

"जाते, आजी."

मी धावले. माझ्या गुडघ्यांना धावणं म्हणतात का ते तुम्ही ठरवा. लिफ्ट मिटत होती. फटीत पिवळा रंग दिसला आणि त्याच्यामागे राखाडी.

मी ओरडले, "येते म्हण! वलू, येते म्हण गं!" शेजारची चिनी बाई दार उघडून बघायला लागली.

खिडकीशी गेले. खाली बस उभी होती. बसमधल्या बाईनं मुलांना चढवलं, दार लागलं, बस गेली. शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी चढताना मी बघितली, वेणीवरून आमचीच. तिच्या अंगावर रेनकोट नव्हता. आणि बस गेल्यावर थांब्यावर, पावसात, पिवळं काही क्षणभर उभं होतं, वर माझ्या खिडकीकडे तोंड करून. मी डोळे पुसले. मग फक्त ओला रस्ता.

दर्शन आणि तन्वी त्या दिवशी लवकर ऑफिसला गेले होते, म्हणून शेजारणीनं दर्शनला फोन केला. मी म्हणे स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली सापडले. हॉस्पिटलात चार दिवस होते. हृदय. डॉक्टरनं सांगितलं, यापुढे विमान नाही.

त्या दिवशी अडीच वाजता काय झालं ते मला तन्वीनं नंतर सांगितलं, कौतुकानं. ती घरी थांबली होती. बेल वाजली. वल्लरीकडे किल्ली असून बेल वाजली. तिनं दार उघडलं, तर लेक उंबऱ्याबाहेर उभी. "आले गं आई," म्हणाली. "आजी कशी आहे? घाबरू नकोस, येईल ती घरी."

"एक शब्द इंग्रजी नाही, आई!" तन्वीच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्यासाठी शिकली हो ती. तुमच्यासाठी."

रेनकोट कुठे, म्हणून विचारलं, तर म्हणाली हरवला.

९

तिला काही म्हणता येत नाही. गुणाची आहे. मला हात धरून उठवते, औषधं देते. स्मिताबाईंनी तिला वर्गात पुढे बोलावून सगळ्यांना दाखवलं, मराठी असं बोलावं. लाह नाही, अय्यो नाही, बुटाच्या नाडीवरून भांडण नाही. खोबऱ्याची वडी दोन्ही हातांनी घेते. कुठेही गेलो तरी सगळ्यांत शेवटी शिरते आणि आपल्यामागे दार ओढून घेते.

सकाळी निघताना मी दप्तर धरत नाही. ती आपणहून वळते. "येते, आजी."

डिसेंबरात मार्याचा नाताळच्या शुभेच्छांचा व्हिडिओ आला. तन्वीच्या फोनवर आम्ही दोघींनी बघितला. बर्फ, दिवे, ओकाचं ते दार, त्यातून बाहेर पडणारे कुठले तरी पाहुणे, आणि पुढे मार्या हात हलवणारी. सगळ्यांच्या मागे, दार दोन्ही हातांनी ओढायला बघणारं एक लहान मूल. दार त्याच्या मानानं जड. पिवळा रेनकोट, त्या बर्फात.

तन्वीनं व्हिडिओ परत लावला. परत लावला. मग मार्याला लिहिलं. उत्तर लगेच आलं. ते तिनं मला वाचून दाखवलं, आवाज अगदी सपाट.

"'ती का? ती माझ्या प्रत्येक घोळक्यात असते. मला दर वेळी वाटतं पाहुण्यांचीच आहे. गोड आहे. दाराशी आली की एक शब्द म्हणते, आमच्या भाषेतला नाही.'"

"कुठला शब्द?"

मार्यानं इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. तन्वीचे ओठ हलले, आवाज आला नाही. पण ओठांवरून मला वाचता येतं. माझी पोर दारात 'जाते' म्हणते. सवयच तिची. आणि तिथं दप्तर धरायला कुणी नाही.

आतून हाक आली. "आई, वेणी घालतेस ना?"

तन्वीनं व्हिडिओ पुसून टाकला. "दर्शनला सांगू नका," मला म्हणाली. उठली, कंगवा घेतला आणि आत गेली. बराच वेळ केस विंचरल्याचा आवाज येत होता.

मला विमान नाही. म्हणून स्मिताबाईंच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी हे लिहिते आहे. मराठी माणसं आता कुठेही फिरायला जातात. तुमच्यातलं कुणी तालिनला गेलं, गाइडबरोबर जुनी घरं बघितली, आणि घोळक्याच्या मागे पिवळ्या रेनकोटातली मुलगी दिसली, तर उंबऱ्याशी थांबा. ती 'जाते' म्हणेल. तिला म्हणा, "जाते म्हणू नये, बाळा. येते म्हण." मी काय मागते आहे ते मला ठाऊक आहे. तुमच्याबरोबरही कुणाची तरी नात असेल. ते दार कुणीतरी ओढावंच लागतं. तरी मागते.

हे लिहिताना ती माझ्या खुर्चीमागे उभी आहे. पहिल्या पानापासून. वेलांट्या, उकार सगळे तिनंच दुरुस्त केले, एकही ओळ खोडली नाही. आत्ता हे शेवटचंही वाचलं. मला वाटलं, फाडेल.

"छान झालंय, आजी," म्हणाली. "पाठव. जाऊ देत लोकं तिकडे. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत मागे."

पाठवते आहे.